पाण्याकाठचे दिवे

ठाण्यात प्रत्येकाचा एक तलाव ठरलेला असतो. पाचपाखाडीतल्या माणसाचा कचराळी, वागळे इस्टेटमधल्याचा रायलादेवी, वर्तकनगर-पोखरण रोडकडच्याचा उपवन. आणि तलावपाळी, म्हणजे मासुंदा, तो सगळ्यांचाच. शिलाहारांच्या काळी इथे साठ तलाव आणि साठ देवळं होती, असं जुनी माणसं सांगतात. आता त्यातले निम्मेच उरलेत. पण जे उरलेत त्यांच्याभोवती सकाळ-संध्याकाळ माणसं फेऱ्या घालत असतात आणि या फेऱ्यांवर माझा फार जीव आहे. मुंबईला समुद्र आहे, पण समुद्राला फेरी घालता येत नाही. तलावाला घालता येते. निघालो तिथेच परत येतो आणि वाटेत अर्धं गाव भेटतं.

मासुंद्याच्या एका फेरीत कोपिनेश्वराची घंटा ऐकू येते, सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च लागतं, गडकरी रंगायतनची इमारत लागते. कोपिनेश्वराचा जीर्णोद्धार 1760 साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी केला. दिवाळी पहाटेला इथे पाय ठेवायला जागा नसते. नवे कपडे, ढोल, गाणी, वर्षभर न दिसलेले शाळेतले मित्र. रोषणाई तर डोळे दिपवणारी. मला ती गर्दी आवडते, तो दिवस गर्दीचाच आहे.

मला लिहायचंय ते बाकीच्या दिवसांबद्दल, आणि बाकीच्या रात्रींबद्दल.

रविवारी आम्ही उजाडायच्या आत उपवनला जातो. मी, नवरा, चौथीतली मनू आणि माझे सासरे, अण्णा. सासूबाई येतात त्या थर्मासमध्ये चहा घेऊन, आणि एका बाकावर बसून राहतात. त्यांना फेरीत रस नाही, येऊरचा डोंगर हळूहळू उजळताना बघण्यात आहे. अण्णांचा एक गुडघा दुखरा आणि मनूचं लक्ष चहूकडे, त्यामुळे आमची चाल इतकी संथ की झपझप चालणारी मंडळी आम्हाला पुन्हा पुन्हा ओलांडून जातात. पण या दोघांच्या चालीने चाललं की दिसायला लागतं.

एका सकाळी खंड्या आमच्यापासून चार हातांवर कठड्यावर येऊन बसला. चोचीत बोटाएवढा मासा. त्याने तो कठड्यावर डावीकडे आपटला, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. टप्, टप् असा ओला आवाज येत होता. मासा निपचित पडल्यावर त्याने तो चोचीतल्या चोचीत फिरवला, डोकं घशाकडे येईल असा धरला आणि गिळून टाकला. मनूने विचारलं, "आजोबा, शेपटीकडून का नाही गिळला?" अण्णा म्हणाले, "मासा साफ करताना आजी कुठून खरवडते? शेपटीकडून डोक्याकडे. खवले तसेच उभे राहतात. शेपटीकडून गिळला असता तर ते त्याच्या घशात उलटे लागले असते." मनूने घरी गेल्यावर आजीच्या हातून बोंबील सोडून बाकी सगळे मासे तपासायला घेतले.

अशा फेऱ्यांमध्येच माझ्या लक्षात आलं की पक्षी काठभर सारखे नसतात. जिथे माती पाण्यात उतरत गेली आहे, गवत भिजलेलं आहे, तिथे वंचक उभा असतो, मातीच्याच रंगाचा, उडाला की एकदम पांढरा. जिथे दगडी बांध सरळ पाण्यात घुसतो तिथे त्याला पाय टेकायला जागाच नसते. पाणी तेच, मासेही तेच, पण काठ गेलेला असतो. सुशोभीकरण हा शब्द ऐकला की म्हणूनच माझं लक्ष आधी काठाकडे जातं: माती किती ठेवलीय? आणि दुसरी गोष्ट म्हणजे दिवे. तो विषय मात्र मला तलावावर सुचलेला नाही. तो कळला दीपगृह बघायला गेलो तेव्हा.

आमच्या घरात दीपगृहं आली अण्णांमुळे. ते आयुष्यभर मुंबईच्या गोदीत क्रेनवर होते. रात्रपाळीला जहाजांवरचे खलाशी भेटत, त्यांच्या तोंडी प्रोंग्ज, सनक रॉक, खांदेरी ही दीपगृहांची नावं असत. या दिव्यांच्या भरवशावर जहाजं गोदीत यायची आणि अण्णा त्यांचा माल उतरवायचे. मात्र यातला एकही दिवा त्यांनी जवळून पाहिलेला नव्हता. निवृत्तीनंतर कुठे जायचं, असं विचारलं की बाकीच्यांचे वडील काशी म्हणतात, अण्णा म्हणायचे, "एकदा वर चढून दिवा बघायचाय."

मग हिवाळ्यात कोर्लईचं दीपगृह ठरलं. ठाण्याहून वडखळ नाक्यामार्गे अलिबागला सरळ जाता येतं, पण अण्णांसाठी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, घेतली. बोट मांडव्याकडे निघाली तशी अण्णा उजव्या कठड्याला जाऊन उभे राहिले आणि मनूला कुलाब्याची बाजू दाखवायला लागले. कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकांवर 1875 साली उभं राहिलेलं प्रोंग्जचं दीपगृह, त्याच्यावरचे लाल, पांढरे, काळे पट्टे. पट्टे शोभेचे नसतात. रात्री उजेडावरून ओळख पटते, दिवसा रंगावरून. लांबून येणाऱ्या कप्तानाला दोन्ही वेळा कळायला हवं की आपण नेमके कुठे आलो. मनूला हे फार पटलं. तिच्या मते शाळेच्या बसनाही असेच पट्टे हवेत.

रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई. कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड, तिच्यावर पोर्तुगीजांचा किल्ला आणि पायथ्याशी 1955 सालचं दीपगृह. किल्ल्यावर जायची एक वाट दीपगृहाच्या मागूनच चढते. गावात आजही पोर्तुगीज मिसळलेली एक बोली बोलतात. किल्ल्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण आम्ही तिथे दिव्यासाठी गेलो होतो.

तिकीट काढून जिना चढलो. अण्णा प्रत्येक वळणावर थांबत होते, पण कुणाचा हात घेतला नाही. वर पोचलो तर दिव्याच्या खोलीत पडदे ओढलेले. मनूला वाटलं धूळ बसू नये म्हणून असतील. तिथल्या कर्मचाऱ्यांनी समजावलं: भिंग दोन्हीकडून काम करतं. रात्री आतला उजेड गोळा करून बाहेर फेकतं, तसं दिवसा बाहेरचं ऊन गोळा करून आत दिव्यावर आणेल आणि सगळं जाळून टाकेल. म्हणून दिवसा पडदा.

त्यांनी पडदा थोडा बाजूला करून भिंग दाखवलं. मधोमध फुगीर काच आणि तिच्याभोवती काचेच्या त्रिकोणी कडा असलेल्या गोल चकत्या, एकीबाहेर एक. आतला दिवा छोटासाच. एवढ्याशा दिव्याचा उजेड समुद्रात इतक्या लांब जातो तो या काचांमुळे. ऑग्युस्तँ फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनियरने ही युक्ती काढली आणि 1823 साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर कोर्दुआँच्या दीपगृहात असं भिंग पहिल्यांदा बसलं. अख्खं जाड भिंग ओतायचं तर ते वजनाने उचलता आलं नसतं; फ्रेनेलने त्यातली उगाचची काच काढून टाकली आणि उजेड वळवणारे पृष्ठभाग तेवढे ठेवले. मनूने हात मागे बांधून, कारण हात लावायची मनाई होती, मधल्या काचेतून पाहिलं. तिला समुद्र वर आणि आकाश खाली दिसलं. तिने मला ओढून तिथे उभं केलं. खरोखरच पाणी वरून लोंबत होतं आणि त्याच्या खाली ढग होते.

उंचीचा हिशेबही तिथेच झाला. पृथ्वी गोल, म्हणून दिवा जितका उंच तितका लांबून दिसतो. नवऱ्याने फोनवर गणित मांडून दाखवलं: मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून 3.57 ने गुणलं की क्षितिज किती किलोमीटरवर ते येतं. 25 मीटरवरून साधारण 18 किलोमीटर. जहाजाच्या डेकवरचा माणूसही उंचावर असतो, त्याची उंची वेगळी धरायची. वर्गमूळ म्हणजे काय हे मनूला तोवर ठाऊक नव्हतं. गॅलरीत वाऱ्यावर उभ्या उभ्या ती ते शिकली.

निघताना त्या कर्मचाऱ्यांनी तिला विचारलं, "हा दिवा आम्ही कुणासाठी लावतो, सांग बघू?"

"जहाजांसाठी."

"आत्ता दिसतंय का एखादं?"

समुद्र रिकामा होता. मनूने मान हलवली.

"रात्री तर काहीच दिसत नाही. पण तिकडून आम्ही दिसायला हवं."

त्या रात्री आम्ही थळला राहिलो. थळच्या किनाऱ्यासमोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटं. खांदेरीवर 1679 साली शिवाजी महाराजांच्या हुकुमावरून मायनाक भंडारी यांनी तट बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी आरमार धाडून वेढा घातला. भर समुद्रात, रोज तोफा चालू असताना, दगड आणि रसद लहान होड्यांतून रात्रीची नेली जायची. इंग्रजांची मोठी जहाजं त्या होड्यांना अडवू शकली नाहीत. किल्ला पुरा झाला. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात खांदेरी आहे. त्याच बेटावर 1867 पासून दीपगृह आहे.

जेवणं झाल्यावर आम्ही वाळूत जाऊन बसलो. अण्णांनी मनूला सांगितलं, "झोत आला की एक म्हण आणि पुढचा येईपर्यंत मोजत राहा." प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी ठरवलेली असते: किती वेळा लखलखायचं, मध्ये किती सेकंद अंधार ठेवायचा. जहाजावर या सगळ्यांची यादी असते, खलाशी सेकंद मोजतो आणि यादीत बघतो. मनू म्हणाली, हे तर काजव्यांसारखं. पुस्तकात तिने वाचलं होतं की काजव्यांच्या प्रत्येक जातीची लुकलुकण्याची चाल निराळी असते. अण्णांना हे नवीन होतं. बराच वेळ ते दोघं मोजत बसले. मला तेव्हा जाणवलं, ओळख उजेडातून जितकी पटते तितकीच मधल्या अंधारातूनही. दिवा सतत जळत राहिला असता तर तो कोणता हे कुणालाच कळलं नसतं.

तिथेच एका कोळी काकांशी बोलणं झालं. ते एलईडीच्या मासेमारीवर चिडलेले होते. बोटीवर प्रखर दिवे लावायचे, उजेडाला भुलून मासे वर येतात, पिल्लंही येतात, आणि सगळे एकदम जाळ्यात. केंद्र सरकारने 2017 साली त्यावर बंदी घातली. "बंदी कागदावर, दिवे पाण्यावर," एवढंच ते म्हणाले आणि उठून गेले. एकाच किनाऱ्यावर, एकाच रात्री, वाट दाखवणारा दिवा आणि फसवणारा दिवा, दोन्हींबद्दल आम्ही ऐकलं. दीपगृहाचा दिवाही सगळ्यांना मानवतो असं नाही. रात्री स्थलांतर करणारे पक्षी प्रखर उजेडाने भरकटतात, आणि दीपगृहांच्या काचांवर आपटून मेलेल्या पक्ष्यांच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. तरी त्या दिव्याला निदान सांगता येतं की तो कुणासाठी आहे.

ठाण्यात परतल्यावर मनूला तो प्रश्न चिकटला. तलावाकाठच्या प्रत्येक दिव्याखाली थांबून ती विचारायची, "हा कुणासाठी?" चालायच्या वाटेवरचा दिवा चालणाऱ्यांसाठी. बाकावरचा बसणाऱ्यांसाठी. पण झाडाच्या बुंध्याशी ठेवून वर फांद्यांत मारलेला हिरवा झोत? पाण्यावर सोडलेला निळा? त्यांच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नव्हतं. चालणाऱ्याला त्याने वाट दिसत नाही, आणि फांदीवर रात्र काढणाऱ्या पक्ष्याला झोप मिळत नाही.

मार्चमध्ये आम्ही नेरूळला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला गेलो तेव्हा हा प्रश्न आणखी ठळक झाला. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2022 मध्ये ती रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाची, पाणथळ ठरली. ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडतो तेव्हा रोहित तिथे चरतात. डोकं उलटं पाण्यात बुडवून, जिभेने पाणी आत-बाहेर करत त्यातलं शेवाळ गाळून घेतात. त्या शेवाळातल्या रंगानेच ते गुलाबी होतात, पिल्लं राखाडीच असतात. भरतीला चिखल बुडतो, मग ते उडून नेरूळच्या तलावांवर येऊन थांबतात. म्हणजे तलावावर रोहित बघायचे तर भरती गाठायला हवी. अण्णांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. त्या रविवारी चतुर्थी होती. चारची पाऊणपट तीन. खाडी आत वळलेली, म्हणून थोडा उशीर धरायचा. साडेतीनला आम्ही काठावर होतो आणि समोर पाण्यावर गुलाबी पट्टा पसरलेला होता, मधूनमधून एखादी मान वर येत होती.

नवी मुंबईतले बरेच तलाव मुळात शोभेसाठी केलेलेच नाहीत. शहराचा मोठा भाग भरावावर, भरतीच्या पातळीच्याही खाली. पावसाळ्यात समुद्राला भरती असताना नाल्यांचं पाणी खाडीत जाऊच शकत नाही, म्हणून ते आधी या धारण तलावांत साठवायचं आणि ओहोटी लागली की खाडीत सोडायचं. हे तलाव बुजवले तर पाणी घरांत शिरेल. पक्ष्यांनी पुढे त्यांना आपलंसं केलं, त्यात दोघांचंही भलं झालं.

मे 2024 मध्ये रात्रीच्या वेळी घाटकोपरजवळ उतरत्या विमानाला धडकून तीसहून अधिक रोहित मेले. त्यानंतर त्यांना रात्री काय दिसत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. एकीकडे खाडी, एकीकडे इमारती, पूल, जाहिरातींचे फलक, सगळं लखलखतं आणि सगळं एकसारखं. कोर्लईच्या त्या खोलीत एका दिव्याची लय सेकंदासेकंदाने ठरवलेली होती. इथे कुणीच काही ठरवलेलं नाही.

आमच्या सोसायटीच्या मागे एक छोटं तळं आहे. दोन वर्षांपूर्वी आवारातून एक स्कूटर चोरीला गेली आणि कमिटीने मागच्या भिंतीवर दोन मोठे पांढरे फ्लडलाइट लावले, तोंड तळ्याकडे. काठच्या पर्जन्यवृक्षावर रात्रबगळे बसायचे, संध्याकाळ झाली की क्वॉक् करत एकेक उडायचा. दिवे लागल्यानंतरच्या हंगामात झाड रिकामं होतं. मी सभेत हा विषय काढला. दिव्यांवर टोपी बसवावी, तोंड खाली करावं, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवे घ्यावेत आणि अकरानंतर मंद करावेत, एवढंच म्हणणं होतं. अण्णांनी टोपीचं चित्र काढून नेलं होतं.

पहिल्या मजल्यावरच्या काकू उठल्या. म्हणाल्या, "माझी मुलगी रात्री साडेअकराला कामावरून येते. मला तिथे अंधार चालणार नाही." त्यांचं बरोबर होतं आणि मी तसं म्हटलं. मग अण्णांनी विचारलं, "ती कुठून चालत येते, दाखवता का?" सभा अर्धवट सोडून आठ-दहा जण मागच्या बाजूला गेलो. काकू फाटकापासून जिन्यापर्यंत चालून आल्या. दोन्ही फ्लडलाइट पाण्यावर पडत होते. त्यांची मुलगी ज्या वाटेने येते, तिच्या मधल्या पंधरा पावलांवर भिंतीची सावली होती आणि तिथेच एक फरशी उखडलेली.

इलेक्ट्रिशियनने दुसऱ्या दिवशी एक दिवा खाली वळवला आणि त्यावर पत्र्याची टोपी बसवली. काकूंनी रात्री स्वतः चालून बघितलं आणि तो अजून हातभर फाटकाकडे घ्यायला लावला. फरशीही बसवून घेतली. दुसरा दिवा अजून तळ्याकडे तोंड करून आहे. त्याचा विषय गणपतीनंतरच्या सभेत येईल. अर्ज मी लिहिला आहे, आणि त्यावर काकूंची आणि त्यांच्या मुलीची सही आहे.